हळकुंड बांधून आलेली बाई

(पत्र लांब होतं, काटून देतोय.)

"सर, सा. न. मी एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या काऊंटरवर आहे. वय ४३. मुलगी दहावीला, मिस्टर फौंड्रीत, सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून. लहानपणापासून वाचायची आवड. आता कादंबरी लिहायला घेतलीय, पहिली दहा पानं सोबत जोडलीत. पण वेळच मिळत नाही. परवा क्लोजिंग करून निघणार, तेवढ्यात ती दरवर्षीची बाई आली. दर जूनला तेच गंठण ठेवते, ऊसबिल आलं की सोडवते. गळ्यात हळकुंड आधीच बांधून आलेली. मग सराफांना थांबवा, वजन करा, पाकीट सील करा. घरी पोचायला आठ वाजले. अशात काय लिहिणार? पूर्वी एका रात्रीत कादंबरी संपवायची, आता चार पानं झाली की हात मोबाईलकडं जातो. आणखी एक, आपल्या बोलीत लिहावं की शुद्ध भाषेत? मिस्टर म्हणतात, एवढी हौस असेल तर नोकरी सोड. सोडू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर"

ताई,

नोकरी सोडू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. तुमच्या मिस्टरांनी ते वाक्य रागानं म्हटलं की मायेनं, ते पत्रावरून कळत नाही, आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी ते मनावर घेण्यासारखं नाही. हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा बरा येतो, तरी मांडतो. माझ्या तिसऱ्या कादंबरीची १,००० प्रतींची आवृत्ती संपायला सहा वर्षं लागली. किंमत २०० रुपये, मानधन १० टक्के. प्रतीमागं २० रुपये, म्हणजे सगळे मिळून २०,०००, भागिले सहा. वर्षाला ३,३३३ रुपये. आणि ही माझी चाललेली कादंबरी. न चाललेल्यांचा हिशेब बायकोसमोर काढत नाही.

आपल्या भागात कामधंदा सांभाळून लिहिणं यात नवल काही नाही. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते, कोल्हापुरात आले ते त्यानंतर. शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी १९६७ साली आली तेव्हा ते इथंच शाळेत शिकवत होते. आणि निपाणीचे महादेव मोरे तर पिठाची गिरणी चालवायचे. गिरणीत माणूस डबा घेऊन येतो, दळण होईस्तोवर थांबतो, थांबला की बोलतो. मोऱ्यांच्या कथांतली माणसं मला कायम हातात डबा घेऊन आल्यासारखी वाटत आलीत.

पण हे वाचून "बघा, तेही नोकरी करून लिहीत होते, तुम्हीही लिहा" असं मी म्हणणार आहे असं समजू नका. तसं म्हणणारी माणसं मला स्वतःला फार छळतात. तुमची अडचण वेळेची आहे हे मला पटतच नाही, कारण दहा पानं तुम्ही लिहिलीत. अडचण त्या दहा पानांत आहे.

अन्वी पुण्यात कोथरूडला फ्लॅटमध्ये एकटी राहते. बाहेर पाऊस पडतोय. ती खिडकीत उभी राहून कॉफी पिते आणि तिला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. दहा पानांत अन्वी तीनदा कॉफी पिते, पण एकदाही कप विसळत नाही. फ्लॅटचं भाडं कोण भरतं, ती करते काय, दूध कुठनं येतं, काही पत्ता नाही. भाषा स्वच्छ आहे, व्याकरण चोख आहे, आणि पाचव्या पानावर मला डुलकी लागली. राग मानू नका. ही अन्वी तुमची नाही. ती तुम्ही वाचलेल्या पुस्तकांतनं परस्पर चालत आलीय. तुमची तिची ओळख नाही, म्हणून तुम्ही तिला नुसती खिडकीत उभी करून ठेवलीय.

मी हे एवढ्या खात्रीनं बोलतोय, कारण माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक मुंबईत समुद्राकडं बघत बसायचा. मुंबई मी तोवर चार दिवस बघितली होती, तीही मामाच्या खोलीतनं. मी तेव्हा साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय होतो. ऊसनोंदी घ्यायच्या, तोडीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, सायकलवरनं शिवारं पालथी घालायची. आणि रात्री कंदिलाजवळ बसून समुद्र! प्रकाशकाकडनं बाड साभार परत आलं. मग ते मी इथल्या एका छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना वाचायला दिलं. त्यांनी आठवड्यानं परत दिलं आणि एवढंच विचारलं, "ह्येचा पगार किती?" मी गप्प. मग म्हणाले, "दोनशे पानांत हा गडी एकदाबी जेवला नाही. मेला कसा नाही?"

हा प्रश्न मी आजही प्रत्येक पात्राला विचारतो. पगार किती, आणि जेवला का. पुस्तकात सांगायलाच पाहिजे असं नाही, पण मला ठाऊक पाहिजे.

आता तुमच्या पत्राकडं येतो. पत्र तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. उशीर का झाला त्याचं कारण देताना मध्येच एक वाक्य टाकलंय, "गळ्यात हळकुंड आधीच बांधून आलेली." ते वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. सोबतच्या दहा पानांत असं एकही नाही. तुम्हाला ते वाक्य वाटलंसुद्धा नसेल, घाईत लिहून पुढं सराफांवर गेलात.

यातला "आधीच" हा शब्द बघा. म्हणजे तिनं घरीच गंठण उतरवलं. गळा मोकळा राहू नये म्हणून हळदीच्या दोऱ्यात हळकुंड ओवून बांधलं, मग गंठण रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून एसटीनं आली. पहिल्या वर्षी कदाचित तुमच्या काऊंटरवर, चार बाप्यांच्या देखत गळ्यातनं काढायला लागलं असेल. ते तिला सोसलं नसेल. म्हणून दुसऱ्या वर्षापासनं तयारीनं यायला लागली. की हा सगळा माझा अंदाज? तुम्ही तिला किती वर्षं बघताय? दोरा दरवर्षी नवा असतो का? गाठ मानेमागं कोण मारून देतं, सासू, जाऊ, की नवराच? हळकुंड निवडून, सरळ बघून घेतलेलं असतं, की डब्यातनं हाताला येईल ते?

आणि मग तुमची बाजू. ही तर तुमच्याशिवाय कुणालाच लिहिता येणार नाही. सराफ कसोटीवर घासून बघतात, तराजूत ठेवतात. तुमच्या रजिस्टरात दोन रकाने असतात, एकूण वजन आणि निव्वळ वजन. एकूण वजनातनं काळे मणी वजा, दोरा वजा, वाट्यांत लाख असेल तर तीही वजा. उरतं त्यावर कर्ज. काळ्या मण्यांना तुमच्या रजिस्टरात किंमत नाही, आणि तिनं हळकुंड बांधलंय ते त्या मण्यांपायी. हे मी तुम्हाला समजावून सांगणं म्हणजे सोनाराला सोनं दाखवणं झालं. तुम्ही रोज ती वजाबाकी करता. लिहायचंय ते त्या दोन रकान्यांच्या मध्ये आहे, अन्वीच्या खिडकीत नाही.

एक गोष्ट कबूल करतो. तुमचं पत्र वाचून मला माझेच चिटबॉयचे दिवस पुन्हा बघायला लागले. कारखाना सुरू झाला की लोक माझ्यामागं लागायचे, "साहेब, आमची तोड तेवढी लवकर द्या." चहा पाजायचे, एकानं तर कोंबडी कापायची तयारी दाखवली. मला वाटायचं, उसाला तुरा आलाय, वजन घटतंय, म्हणून घाई. तशी ती असायचीही. ऊस गेला की १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यावेत असं कायदा सांगतो, आणि पैसे कधी येतात ते शेतकऱ्याला विचारावं. पण तोड जेवढी लांबेल तेवढं बिल लांबतं, आणि बिल लांबलं की आणखी काय काय लांबतं याचा मी विचारच केला नव्हता. आठ हंगाम त्या लोकांच्या बांधावर उभा राहिलो. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरात तेव्हा बायकोच्या गळ्यात हळकुंड होतं, हे मला दिसलं नाही. मी चिठ्ठी फाडत होतो. तुमच्यासारखं कुणीतरी दुसऱ्या टोकाला पावती फाडत होतं. त्यावर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या, आणि आता कळतंय की अर्धी गोष्ट काऊंटरच्या पलीकडं होती.

आता जरा सांभाळून. ती बाई तुमच्याकडं विश्वासानं येते. तिचं नाव, गाव, दागिन्याचं वजन, कर्जाची रक्कम, यातलं काही जसंच्या तसं वहीत उतरवू नका. गाव बदला, गंठणाच्या जागी पाटल्या करा, दोन-तीन बायकांची मिळून एक करा. पण हळकुंड बदलू नका. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं. तिला बिचारी करू नका. लिहायला बसलात की हात आपोआप तिकडं जाईल. नवरा दारू पितो, मग एका वर्षी ती येतच नाही, मग लिलावाची नोटीस, मग डोळ्यांत पाणी. हे नको. ती दरवर्षी येते आणि दरवर्षी सोडवून नेते, हीच तर गंमत आहे. जी बाई एवढ्या तयारीनं येते तिला व्याजाचा दर तुमच्या शिपायापेक्षा चांगला पाठ असणार. माझा तर अंदाज आहे की ती काऊंटरवर हसतच असेल.

बोलीचं विचारलंय. त्याचं उत्तर तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर सापडलं. "मी दहाला घरातनं निघतो" असं लिहून तुम्ही "तो"वर काट मारलीय आणि वर बारीक अक्षरात "ते" केलंय. पेन बदललंय, म्हणजे काट नंतर मारलीय, पत्र पुन्हा वाचताना. आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या "मी येतो", "मी जातो", "मी आलो" म्हणत आल्यात. माझी आई जन्मभर "मी येतो रे" म्हणूनच घराबाहेर पडली. पुण्याचे पाहुणे हसायचे, तिला ते का हसतात तेच कळायचं नाही. तुम्हाला कळतंय, म्हणून तुम्ही काट मारलीत. निवेदन प्रमाण मराठीत करा की बोलीत, ते पहिल्या पन्नास पानांत आपसूक ठरेल, त्याची आत्ता काळजी नको. पण तुमच्या नायिकेनं मनातल्या मनात "मी जातो" म्हणावं आणि काऊंटरवर बसल्यावर "मी बघते हं" म्हणावं. एवढ्यानं ती मला अख्खी दिसेल.

मात्र बोली म्हणजे वरनं भुरभुरायची चटणी नव्हे. दर दुसऱ्या वाक्याला "लई भारी" आणि "नाद खुळा" घालून कोल्हापूर होत नाही, टी-शर्ट होतो. तुमच्या काऊंटरसमोर येणारा माणूस तसं बोलतच नाही. तो जपून बोलतो, "मॅडम, गंठण ठेवायचं होतं." ठेवायचं आहे नव्हे, होतं. नाहीच जमलं तर माघारी फिरायची सोय त्या "होतं"मध्ये असते. असली वाक्यं तुमच्याकडं दिवसाला तीस-चाळीस येत असतील. ती ऐकून सोडून देऊ नका.

वाचनाचं दुखणं माझंही तेच आहे. मोबाईल हातात असला की मीही चार पानांच्या पुढं जात नाही. मध्यंतरी बायकोनं माझा फोन तांदळाच्या डब्यात घालून ठेवला आणि दोन तास कुणाला सांगितलं नाही. त्या दोन तासांत साठ पानं झाली. नंतर फोनमधनं तांदूळ काढायला एक तास गेला, ते सोडा. एका रात्रीत कादंबरी संपवायचे दिवस गेले म्हणून तुम्ही हळहळताय, पण मला ते दिवस गेले याचं बरं वाटतं. तसं वाचून गोष्ट कळते, ती केली कशी ते कळत नाही. अन्वी अशाच वाचनातनं आलीय.

आता नवीन काही वाचू नका. तुम्हाला खूप आवडलेली, दोनदा तरी वाचलेली एकच कादंबरी घ्या. घरी नसेल तर भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात बघा. १८५० पासनं ते लोकांना पुस्तकं देतंय, तुमच्या चार पानांनी त्याचं काही अडणार नाही. (तिथल्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं काही लिहू नका, म्हणजे माझ्यासारखं करू नका. मी एकदा एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी लिहिलेलं "नायिकेचं चुकलं" वाचून खाली "नायकाचंही" असं लिहून आलो होतो.) रोज चारच पानं, पण एखादी गोष्ट हेरून. एक दिवस फक्त एवढंच बघा की लेखक रात्रीतनं सकाळी कसा येतो. एक दिवस, माणूस खोलीत शिरतो तेव्हा सगळ्यात आधी काय दिसतं. एक दिवस, पैशाचा विषय किती पानांनी निघतो. आवडलेला एक परिच्छेद हातानं वहीत उतरवून काढा. हात लिहायला लागला की वाक्याचं वजन कळतं, डोळ्यांना ते कळत नाही.

आणि ती चार पानं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. सेवा म्हणून नव्हे, स्वार्थासाठी. माझ्या वडिलांची नजर गेल्यावर सहा वर्षं मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवला. अग्रलेख आला की म्हातारा घोरायचा, कोर्टकचेरीची बातमी आली की उठून बसायचा. वाक्य कुठं लांबलं, कुठं माणसाचं लक्ष उडालं, हे मी तिथं शिकलो. खांडेकरांनाही उतारवयात डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा ते सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. म्हणजे वाक्य आधी कानावर पडायचं, मग कागदावर. सासूबाईंना तुमची स्वतःची पानंही वाचून दाखवा, पण कुणाची ते सांगू नका. त्या झोपल्या तर ते पान काढून टाका. दोन वर्षं आढ्याकडं बघत पडलेली बाई खोटं कौतुक करत नाही.

राहिला वेळ. पहाटे चारला उठून लिहा असा सल्ला मी कुणालाच देत नाही. मी एक वर्ष तसं उठलो, कादंबरी झाली नाही, पित्त झालं. रविवारचंही नाव काढू नका, ज्या घरात सकाळी मटण आणायचं आणि दुपारपर्यंत तांबडा-पांढरा करायचा त्या घरात रविवारी फक्त मसाला वाटला जातो. तुम्हाला जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळतो, त्यातली दहा मिनिटं द्या. शंभर पानी वही ड्रॉवरमध्ये ठेवा. पावतीच्या पाठीमागं लिहू नका, ऑडिटला कादंबरी सापडेल. रोज चार ओळी, आज काऊंटरवर काय बघितलं तेवढंच. कुणाच्या नखात काय होतं, कुणी सही करताना पेन कसं धरलं. मनात काय आलं ते लिहायचं नाही, ते अन्वीनं भरपूर लिहून ठेवलंय. पुढच्या जूनपर्यंत वही भरेल. मग त्यातली कुठली बाई पुढं चालत येते ते बघू.

दहा पानं परत पाठवतोय. पाचव्या पानाच्या कडेला चहाचा डाग पडलाय, तो माझा.

ते हळकुंड मात्र दोन दिवस झाले माझ्या डोक्यातनं जात नाही. ऊसबिल आल्यावर ती येते, पैसे भरते, तुम्ही सील फोडून गंठण तिच्या हातात देता. तेव्हा ती ते तिथंच गळ्यात घालते, की परत रुमालात गुंडाळून घरी नेते? आणि पाच-सहा महिने गळ्यात असलेलं हळकुंड, त्याचं ती काय करते? पर्समध्ये टाकते, पंचगंगेत सोडते, की घरी जाऊन भाजीला उगाळते? तुम्ही काऊंटरच्या त्या बाजूला बसता, तुम्ही बघितलं असणार. उलट टपाली कळवा.